पनवेलच्या खाडीत रेकॉर्ड केलेली शांतता

मंडळी, भूत, चकवा, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कसा असेल? शूटिंगच्या मुक्कामात पोरांना घाबरवायला असले डझनभर किस्से मीच रचलेत. त्यातले दोन तर पुढे अनोळखी माणसांनी शपथा घेऊन 'स्वतःचा अनुभव' म्हणून मलाच ऐकवले. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर दोष तुमचा नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा...

मी कामोठ्याला राहतो आणि एका मराठी वाहिनीवर वन्यजीवांचा कार्यक्रम करतो. करतो म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलतो. माझी कुजबुजसुद्धा अशी, की कर्नाळ्यातले पक्षी खोपोलीला जाऊन बसतात. कॅमेरा सारिकाचा. करंजाड्याची एवढीशी मुलगी, स्वतःपेक्षा जड लेन्स खांद्यावर घेऊन फिरते आणि मला 'दादा' म्हणत रोज माझी खरडपट्टी काढते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पनवेलच्या खाडीतल्या कोल्ह्यांवर एपिसोड करत होतो. हो, कोल्हे! टॉवरच्या बाल्कनीतून लोकांना फक्त डास दिसतात — आणि आमच्याकडचे डास म्हणजे दोघं मिळून माणूस उचलतील — पण समोरच्या तिवरांत कोल्ह्यांची अख्खी कुटुंबं नांदतात, हे कुणाला माहीतच नसतं. त्याच तिवरांवर ट्रक येऊन बांधकामाचं डेब्रिज ओतून जातात. कोल्हा पडद्यावर दिसला तरच लोक या झाडांसाठी भांडतील, असं सारिकाचं ठाम मत. पण कोल्हा काही शेपूट दाखवेना.

त्या दिवशी लख्ख सकाळी, ओहोटीच्या वेळी, गोपीनाथकाकांच्या होडीतून आत गेलो. काका उरणकडचे कोळी, आम्हाला नेहमी तेच नेतात. होडी त्यांनी मागच्या बाजूला लावली आणि आम्ही दोघं एका टणक उंचवट्यावर चढलो. पुढे सगळा गाळ. तासभर बडबड करून माझं काम संपलं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. जागा सोडण्याआधी तिथली शांतता रेकॉर्ड करायची. एक मिनिट सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, खोकायचंसुद्धा नाही. एडिटिंगमध्ये वाक्यांमधल्या फटी बुजवायला ती शांतता लागते. साउंडवाला तापाने झोपला होता, म्हणून हेडफोन माझ्या कानांवर होता.

रेकॉर्डर सुरू केला. पाण्याची बुडबुड, लांबून हायवेची घरघर... आणि मग सारिकाचा आवाज.

"दादा... पाय निघत नाहीये. दादा, पाणी येतंय."

मी गर्रकन वळलो. सारिका हाताच्या अंतरावर उभी होती. ओठ मिटलेले. मी हललो म्हणून डोळे वटारून बघत होती. आणि माझ्या कानात तीच सारिका मला हाका मारत होती! तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत मी ते ऐकत होतो... शेवटी हेडफोन ओढून काढला. बाहेर काही नाही. तिवरं, ऊन, एक बगळा.

मिनिट संपल्यावर सारिकाने स्वतः रेकॉर्डर बंद केला, बॅगेत टाकला आणि म्हणाली, "एक मिनिट. फक्त एक मिनिट गप्प उभं राहवत नाही तुला."

मी जे ऐकलं ते सांगितलं. ती हसली. दादाची नवीन थाप, दुसरं काय!

तेवढ्यात समोरच्या तिवरांतून कोल्हा बाहेर आला. उन्हात, आरामात, जणू भाजी आणायला निघालाय. सारिकाने कॅमेरा उचलला आणि गाळाच्या कडेकडेने पळत सुटली. मागून काकांचा आवाज आला, "ए पोरी, भरती लागली हाय, तिकडं जाऊ नको." पण ऐकतेय कोण?

एरवी मी तिथेच उभा राहून कोल्ह्याचं वर्णन केलं असतं. त्या दिवशी उलटा फिरलो, धडपडत होडीत पडलो आणि काकांना म्हणालो, होडी पलीकडून तिच्या बाजूला घ्या, आत्ताच्या आत्ता. का, ते विचारू नका. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वल्ही मारायला घेतली.

वळणावर असतानाच ऐकू आलं. या वेळी मोकळ्या हवेतून.

"दादा... पाय निघत नाहीये. दादा, पाणी येतंय."

तेच शब्द. दुसऱ्या 'दादा'ला आवाज फाटला, तोही तस्साच. ती कमरेपर्यंत गाळात होती, कॅमेरा डोक्यावर धरलेला, आणि पाणी चारही बाजूंनी आत शिरत होतं. मी बोंबलत होतो, "आलो गं, हलू नकोस, आलो!" काकांनी होडीतली फळी गाळावर टाकली, मी फळीवर पालथा पडलो, सारिकाच्या काखेत दोर अडकवला. ती बाहेर आली तेव्हा पाणी छातीला लागलं होतं.

काकांनी फळी होडीत ओढून घेतली. मग म्हणाले, "होरी मागल्या बाजूलाच असती, त आपुन पोचलो नसतो." कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोल्ह्याने सांगितलं.

दुपारी माझ्या घरी रेकॉर्डर लावला. मला वाटलं, काही नसेल. होतं. सारिकाचा आवाज, तीच दोन वाक्यं. त्यानंतरचं मी खाडीत ऐकलं नव्हतं, कारण हेडफोन काढला होता. सारिकाने ते पूर्ण ऐकलं. हाका, मग नुसतं पाणी, मग पाणीही नाही. तिने हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"दादा, ह्याच्यात तुझं 'आलो गं, आलो' कुठेच नाही."

साउंडवाला म्हणतो, कुठलातरी वायरलेस सिग्नल घुसला असेल. कुठला? सारिकाच्या अंगावर त्या दिवशी माइकच नव्हता. एडिटरला विचारलं, एका प्रोफेसरांना विचारलं. सगळ्यांनी ऐकलं आणि विषय बदलला. डासांचं मी थोडं वाढवून सांगितलं, कबूल. बाकी एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

कोल्हा कॅमेऱ्यात मिळाला. एपिसोडही वाहिनीवर गेला. आम्ही अजून खाडीत जातो, आणि निघताना शांतताही रेकॉर्ड करतो. आता हेडफोन सारिका घालते. मी ते मिनिटभर तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो.