खुंटीवरचा शर्ट

‘तुझी वहिनी गेली,’ असा फोन आला तेव्हा मी पुण्यात, सासरी, मेथी निवडत बसले होते. आणि मला सख्खा, चुलत, मामे असा एकही भाऊ नाही. फोन बंगळूरहून होता, राजाजीनगरच्या घरमालकीण गौरम्मांचा. मला समजावं म्हणून त्या कानडी सावकाश बोलत होत्या. ताप आला, डोक्यात गेला, आनेकलहून तिचा भाऊ येऊन सगळं करून गेला. मुत्तैदे म्हणून गेली हो, म्हणाल्या, म्हणजे सवाष्ण गेली, हिरव्या चुड्यानिशी, भाग्यवान. आता तुझ्या अण्णाला तूच कळव. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, ही कुठली वहिनी? मला रडू फुटलं.

तिचं नाव विमला, सगळे विमलक्का म्हणायचे. नव्वदीच्या सुरुवातीला मी नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळूरला आले आणि एकट्या मुलीला घर कोणी देईना. ऑफिसातल्या एकीनं विमलक्काचं नाव सांगितलं. ती तिथल्या जुन्या मराठी घराण्यातली. पूर्वज कधी काळी आले ते तिथलेच झाले. पहिल्या मजल्यावर राहून ब्लाउज शिवायची. नवरा आखातात गेलेला. आधी पत्रं येत, मग थांबली, आणि त्यानं तिकडे दुसरं घर मांडल्याचं कुणाकडून तरी कळलं. हे तिनं माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नाही. गौरम्मा फक्त कुटुंबाला घर देत; नवरा नाही म्हटल्यावर घर गेलंच असतं, आणि भावानं आनेकलला नेऊन तिला आपल्या चुलीपुढं बसवलं असतं. ब्लाउजांवर भाडं निघत नव्हतं. तिला भाडेकरू हवी होती आणि ती भाडेकरू दिसायला नको होती. “माझी नणंद हो की गं,” ती म्हणाली, चहा घे म्हणावं तितक्या सहज. माझी बॅग दारातच होती. मी झाले.

खोटं बोलायचं मात्र तिला वावडं. त्यावर तिनं अजब तोड काढली होती. आतल्या खोलीत खुंटीवर नवऱ्याचा एक निळ्या रेघांचा शर्ट टांगलेला असे. माझ्या वाट्याचे पैसे मी तिच्या हातात द्यायचे नाहीत, त्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. आपलेही ती त्यातच घालायची. मग पदर सारखा करून सगळे काढायची आणि खाली जायची. गौरम्मांचे गुडघे गेलेले, त्या कधी जिना चढल्या नाहीत. सगळा व्यवहार खाली, देवघराच्या उंबऱ्याशी. त्या विचारायच्या, यजमानांनी पाठवले का? ही सांगायची, ह्यांच्या खिशातनंच काढून आणले. मग पुढचा प्रश्न ठरलेला, केव्हा येणार? आणि हिचं उत्तरही ठरलेलं, वाट बघतेय. मी मागे उभी राहून हसू दाबायची. वर आल्यावर ती म्हणायची, “यात खोटं काय आहे सांग बघू?”

पण ते हसू फार टिकलं नाही. नणंद झाले म्हणजे गौरम्मांच्या घरची पोरच झाले. दिवेलागणीच्या आत घरी. आडनाव जुळत नाही म्हणून आईची पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर. मैत्रिणींना घरी आणायचं नाही, कुणाच्या तोंडून काय निघेल नेम नाही. जे. पी. नगरला मैत्रिणींबरोबर एक जागा मिळत होती, ऑफिसलाही जवळ. पण नणंद घर सोडून मैत्रिणींकडे का राहायला जाते, हे गौरम्मांना काय सांगायचं? विमलक्का म्हणायची, “स्वल्प थांब गं, दुसरी कोणी मिळू दे.” त्या थांबण्यात माझी तीन वर्षं गेली. मला तिचा राग यायचा, खरंच यायचा. आणि रात्री पाय दुखतात म्हटलं की हीच तेल घेऊन बसायची, मग राग करायचा तरी कुणाचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा सुटले असं वाटलं. सामान न्यायला बाबा आले. बाबा मास्तर, आयुष्यात खोटं बोलले नाहीत, आणि त्यांना यातलं अक्षर माहीत नव्हतं. गौरम्मांनी त्यांना विमलक्काचे सासरे म्हणून पाटावर बसवलं आणि कानडीत विचारलं, मुलगा बहिणीच्या लग्नाला येणार ना? दोघांमध्ये दुभाषी मी. मी बाबांना म्हटलं, गाडी वेळेवर होती का विचारतायत. बाबा म्हणाले, “उशीर झाला, पण आली एकदाची.” मी गौरम्मांना सांगितलं, उशीर होईल, पण येईल म्हणतात. गौरम्मांनी हात जोडले. बाबांनीही जोडले. विमलक्का कुंकवाचं ताट घेऊन मागे उभी होती. वर आल्यावर ती एवढंच बोलली, “देवमाणसाच्या तोंडून खोटं वदवलं गं आपण.” माझ्या लग्नाला ती आली नाही.

फोननंतर मी बंगळूरला गेले. वर अश्विनी होती, माझ्यामागून आलेली सोलापूरची मुलगी, नात्यानं माझी ‘चुलत बहीण’. रडून डोळे सुजले होते. घर सुटलं तर जायचं कुठं, हेच विचारत होती. भाड्याचे दिवस आले होते. पैसे तिनं सवयीनं खिशात ठेवले होते. ते काढून मी खाली गेले. खरं सांगावं तर ही पोर रस्त्यावर येणार, आणि हिरव्या चुड्यानं गेलेल्या विमलक्काचं लोक काय करणार... गौरम्मांनी पैसे देवापुढं ठेवले आणि विचारलं, “निम्म अण्ण यावाग बर्तारे?” तुझा अण्णा केव्हा येणार?

मी म्हटलं, “वाट बघतोय आम्ही.”

वर येऊन शर्टाजवळ उभी राहिले. कॉलर कडक होती, बाह्यांवर इस्त्रीची रेघ. अश्विनी म्हणाली, ताप चढत असतानाही अक्कांनी तो धुऊन इस्त्री केला, ऐकलंच नाही. मी राहायचे तेव्हाही दर शनिवारी तो धुतला जाई. गौरम्मांना दाखवायला, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. गौरम्मा तर कधी जिना चढल्याच नाहीत.