आभाळाचा उतारा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी. झाले याचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. पुढे खगोलशास्त्रातल्या संशोधनासाठी पुण्याला जायचं होतं. बाबांचं म्हणणं, बीएड कर, सिंदेवाहीतच मास्तरीण हो. "एवढ्या दूर जाऊन आभाळ मोजतं काऊन?"

त्या हिवाळ्यात नेहमीचे व्यापारीभाई धान घ्यायला आमच्या खळ्यावर आले. पोत्यात लोखंडी नळी टोचून त्यांनी मूठभर धान काढलं, फळीवर रगडलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि उरलेला तांदूळ पाहून उतारा सांगितला. म्हणजे इतक्या धानात तांदूळ किती पडेल ते.

मी म्हटलं, "बाबा, मले पुण्यात हेच करायचं आहे."

"धान रगडायचं?"

"आभाळात आकाशगंगांचे मोठमोठे समूह असतात. त्यात आपल्या ओळखीचा पदार्थ, म्हणजे बहुतेक तापलेला वायूच, किती ते मोजता येते. तो तांदूळ. बाकीचं दिसत नाई, पण समूहाच्या ओढीवरून सारं वजन कळते. ते धान. झाला उतारा! साऱ्या विश्वात तांदूळ किती, ते दुसऱ्या हिशेबानं माहीत आहे. मग सारं धान किती, निघालं का नाई?"

"एका मुठीवरून?"

भाई हसले. "भाऊ, तुम्ही वर भरीव दाणा अन् खाली पोचट भरता. आभाळवालाही तसाच निघाला तर, बेटा?"

"समूह इतका मोठा असते, की चारी बाजूचं सारं त्यात येऊन पडते, अन् पडलेलं सहसा बाहेर जात नाई. निवडून भरायले जागाच नाई."

"म्हणजे तुमच्यापेक्षा इमानदार आहे, भाऊ!"

बाबा रागावल्यासारखं करून पोत्याचं तोंड बांधत बसले. गाठ आवळून म्हणाले, "पुण्याले थंडी किती असते?"

मी धावत आईला सांगायला गेले.

पुढे गावभर त्यांनी सांगून ठेवलं, पोरगी आभाळाचा उतारा काढून राह्यली. फोनवर पहिला प्रश्न तोच, "निघाला का?"

एकदाचा निघाला. शेजाऱ्यांकडे फोन लावून मी सांगितलं, "बाबा, माल कमी भरला. विश्व पसरून राह्यलं, ते थांबवायले एवढ्या मालाची ओढ पुरत नाई. ते पसरतच राहणार."

खरखरीतून बाबांचा आवाज आला.

"पसरू दे त्याले. तू दिवाळीले घरी ये."