गिरिजाबाईंचं एक पान

म्हैसूरजवळच्या नंजनगूडच्या एका गिरणीत गिरिजाबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. १९७४ सालच्या एका दुपारी एका बाईचा फोन आला. "मशीनखात्यातल्या माझ्या यजमानांना जरा बोलवता? दोनच मिनिटं."

शिफ्टमध्ये कामगाराला फोनवर बोलवायचं नाही, असा नियम होता. "चारनंतर करा," गिरिजाबाई म्हणाल्या.

"चारला मी नसेन हो."

कुठं बाहेर जायची असेल, असं वाटून त्यांनी बोर्डावरचा प्लग काढून फोन तोडला. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या बाईनं कपिला नदीत जीव दिला.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर मात्र कुणाचाही फोन त्यांनी आपणहून तोडला नाही. त्यापायी दोन मेमो घेतले. घरी म्हैसुरात फोन वाजला की त्या परसात जाऊन उभ्या राहत. नवरा शंभूराव थट्टा करायचा, "दिवसभर फोन घेतेस आणि घरच्याला भितेस?" त्या हसत. कानात तेच शब्द असायचे, आणि तो आवाज कधी म्हातारा झाला नाही.

निवृत्तीनंतर म्हैसुरातल्याच चामराजपुरमच्या एका हेल्पलाइनची जाहिरात त्यांनी पाहिली. खचलेल्या माणसांचं फोनवर ऐकून घ्यायचं काम होतं. अर्जासोबत एक पान हवं होतं: हे काम तुम्हाला का करायचंय?

त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं, समाजसेवा, दुःखितांना आधार. तिथले प्रमुख हयग्रीव यांनी वाचून पान परत दिलं. "छान आहे, अम्मा. पण यात तुम्ही कुठं आहात?"

चार दिवस नवं पान कोरंच राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी लिहू लागल्या तर शब्द मराठीत आले. मराठी त्यांना घरात बोलण्यापुरतीच येई, लिपी कन्नडच. तशीच, कन्नड अक्षरांत मराठी, त्यांनी पान भरलं.

हयग्रीव यांनी दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि थांबले. "अक्षरं माझी, भाषा कुठली?"

"आमची, घरची."

"मग तुम्हीच सांगा."

बत्तीस वर्षांनी गिरिजाबाईंनी ते तोंडानं सांगितलं. 'चारला मी नसेन'पाशी अडखळल्या, तरी शेवटपर्यंत गेल्या.

हयग्रीव यांनी पान घडी करून फायलीत ठेवलं. मग म्हणाले, "ती आता फोन करणार नाही, अम्मा. दुसरे करतील."

"माहीत आहे."

"सोमवारी या."

नऊ वर्षं त्या तिथं बसल्या. बहुतेकांचं पुढं काय झालं, ते कळायचं नाही. एकदा हूटगळ्ळीहून एका माणसाचा फोन आला. पाऊण तास तो बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. त्या मधूनमधून "आहे मी" एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी त्यानं विचारलं, "अम्मा, तुमचं जेवण झालं?"

"नाही अजून."

"जेवा," तो म्हणाला, आणि त्यानंच फोन ठेवला.