भावोजींनी वितळवलेली चांदी

ताईचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शाळेत फोन बंदच असतो, त्यामुळे तिचे तीन फोन येऊन गेल्याचं मला मधल्या सुट्टीत कळलं. परत लावला तर ताई अगदी सरळ आवाजात म्हणाली, “बाय, हे गेले गो.” सकाळी काजूच्या बागेत गवत काढायला गेले होते. परत आले, पायरीवर बसले, छातीत जड वाटतं म्हणाले. शेजाऱ्यांनी गाडी काढली, पण म्हापशाला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कोल्हापूरहून गोव्यात कोरगावला पोचेपर्यंत गाडीत माझ्या डोळ्यांसमोर भावोजींचा चेहरा येतच नव्हता. दिसत होते फक्त त्यांचे हात. जाड, काळपट, नखांच्या कडांत कायमचं खाणीचं लाल बसलेलं… आणि त्या हातांत धरलेली चांदीची एक बारीकशी तार.

माझे भावोजी, दत्ताराम, बावीस वर्षं खाणीवरचा ट्रक चालवत होते. डिचोलीकडच्या लोखंडाच्या खाणीतून माल भरायचा आणि आमोण्याला नदीकाठी बार्जीत, म्हणजे मालवाहू बोटीत, ओतायचा. दिवसाला किती खेपा होत ते त्यांनाच ठाऊक. घरी कोरगावला ते आठवड्याने यायचे, तेही झोपायला. मग खाणी बंद पडल्या. ट्रक गेला. भावोजी घरी आले ते जणू बोलणं तिकडेच ठेवून. बाग बघायचे, गुरांचं करायचे, जेवायचे. मी फोन केला की पलीकडून एकच वाक्य यायचं, “ताईक देतंय हां.” पाच-सहा वर्षं हेच. ताई म्हणायची, “राग नाय, भांडण नाय, पण माणूस घरात असा काय नसा ताच कळत नाय.”

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी नेहमीसारखी कोरगावला जाणार होते, पण या वेळी काहीतरी वेगळं करायचं असं मनात होतं. केरीला, तेरेखोलच्या फेरीबोटीच्या धक्क्याअलीकडे, एक मुलगी चांदीचे दागिने करायला शिकवते असं कळलं. दोन दिवसांचा वर्ग, अगदी नवख्यांसाठी. मी आणि शाळेतली एक मैत्रीण अशा दोन जागा सांगून ठेवल्या. निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला ताप आला. तरी मी गेले. भावोजी मला गाडीनं सोडायला आले, माझ्यासारख्या परक्या बाईला ते वळणावळणाचे रस्ते जमणार नाहीत म्हणून.

वेदा, म्हणजे ती शिकवणारी मुलगी, डिचोलीच्या सोनाराच्या घरातली. जेमतेम अठ्ठावीस वर्षांची, कानात स्वतःच केलेल्या दोन वेगवेगळ्या कुड्या. घराच्या मागच्या पडवीत लाकडी टेबलं मांडलेली, प्रत्येकावर कानस, हातोडी, एक वीट आणि हातात धरायची छोटी गॅसबत्ती. पुण्याचं एक तरुण जोडपं होतं आणि एक उंच परदेशी बाई. माझ्या शेजारचं टेबल मैत्रिणीचं, म्हणून रिकामं. भावोजी बाहेर माडाला टेकून उभे होते. वेदानं त्यांना हाक मारली, “काका, एक जागा रिकामी आहे. आत या ना.”

“नको गो. मी भायर बसतंय.”

“उन्हात चार तास बसणार?”

“ह्यो हात बघलंस?” त्यांनी पंजा पसरून दाखवला. “ह्याच्यात स्टिअरिंग शोभता. तुझी ती सुई खंय धरतलंय?”

वेदा उठली, आतून एका म्हाताऱ्या सोनाराचा फोटो घेऊन आली. तिचे आजोबा. त्यांचे पंजे भावोजींच्या पंजांपेक्षाही रुंद होते. भावोजींनी फोटो बराच वेळ निरखला, चप्पल काढली आणि येऊन माझ्या शेजारी बसले. नंतर त्यांनी मला सांगितलं की चौथीनंतर ते कुठल्याच वर्गात बसले नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही अंगठी करायला घेतली. चांदीची तार तापवायची, म्हणजे ती मऊ होते, मग निमुळत्या लोखंडी सळईवर लाकडी हातोडीनं वळवायची, दोन्ही टोकं कानशीनं घासून अशी जुळवायची की उजेडाला फट दिसता कामा नये. मग त्या सांध्याला डाग द्यायचा. डाग म्हणजे थोडी भेसळ केलेल्या चांदीचा एक कण, जो तारेच्या आधी वितळतो आणि दोन टोकं धरून ठेवतो. माझी टोकं काही केल्या जुळेनात. भावोजींची मात्र एका झटक्यात जुळली. वेदानं अंगठी उजेडाला धरून बघितली आणि म्हणाली, “काका, खरं सांगा, याआधी केलंय तुम्ही?” भावोजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मग तिथेच घोटाळा झाला. डाग देताना आनंदाच्या भरात त्यांनी आग जरा जास्तच जवळ नेली. अंगठी लाल झाली, थरथरली आणि डोळ्यांदेखत आत कोसळली. विटेवर वाटाण्याएवढा एक चकचकीत गोळा उरला.

पुण्याची मुलगी “अय्यो!” म्हणाली. भावोजी उठले, चप्पल घालायला लागले. “बघलंस? तुका सांगलेलंय मी,” असं मलाच म्हणाले, मान खाली घालून. वेदानं चिमट्यानं तो गोळा उचलला, पाण्यात टाकला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. “काका, चांदी गेली कुठे? सगळी इथेच आहे. ही परत तार होते. माझे आजोबा म्हणायचे, ज्यानं वितळवली नाही त्याला तिची भीती कायम राहते. तुमची भीती आज संपली. बसा.”

ते बसले! वेदानं विचारलं, “अंगठी कुणासाठी?” भावोजी इतकं हळू बोलले की मलाच ऐकू आलं, “घरच्या माणसाक.” मग माप विचारलं तर ते स्वतःचीच बोटं बघू लागले. चौतीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या बोटाचं माप त्यांना ठाऊक नव्हतं. परतताना गाडीत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी ताईचे सांधे सुजले होते, लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली, बोट निळं पडलं. गावच्या दवाखान्यात ती कापून काढावी लागली. “त्या दिशी मी आमोण्याक होतंय, बार्जीर माल उतरवत. ही एकटीच गेली, कापलेली अंगठी रुमालात बांधून घेऊन इली. माका आठ दिवसांनी सांगल्यान.” हे मला ताईनंही कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं कटात सामील झालो. ताई पडवीत नारळ किसत बसली होती. मी दोरा घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “ताई, बोट दे जरा. शाळेत प्रकल्प आहे, सगळ्यांच्या बोटांची मापं घ्यायचीत.” ताईनं संशयानं बघितलं. “आता शाळेत बोटां मोजूक शिकवतत?” भावोजी दारामागे हसू दाबत उभे होते आणि मला भीती की ते आता फुटणार. मी दोरा बोटाच्या मुळाशी बांधला, तर तो सांध्यावरून निघेना. सांध्याला बांधला, तर मुळाशी ढिला पडून गरगर फिरू लागला. संधिवातानं सांधा फुगलेला होता. जी अंगठी आत जाईल ती राहणार नाही, आणि जी राहील ती आत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी माझ्या आधी तयार होऊन गाडीत बसले होते. वेदाला त्यांनी दोऱ्याची ती दोन मापं दाखवली. “काका, मग अंगठी जोडायचीच नाही. उघडी ठेवायची. दोन टोकं समोरासमोर, मध्ये फट. सांध्यावरून जाताना उघडेल, खाली आली की दाबून बसवायची.”

“आणि बोट सुजला तर?”

“थोडी उघडायची.”

भावोजी माझ्याकडे वळले. “म्हणजे कापूची लागाची नाय,” म्हणाले… आणि मग पुन्हा एकदा, स्वतःशीच.

पण तारेची उघडी टोकं टोचतात. त्यावर वेदानं जे सांगितलं त्यानं आम्ही सगळेच टेबल सोडून त्यांच्याभोवती जमलो. तारेचं टोक आगीत धरलं की चांदी वितळून आपोआप मागे सरकते आणि टोकाला गोल मणी तयार होतो. “काल तुमचा गोळा चुकून झाला, काका. आज मुद्दाम करा. तेवढा लहान फक्त.” भावोजींनी तार चिमट्यात धरली. टोक लाल झालं, मग पाण्यासारखं चमकलं, मग एखाद्या थेंबानं पाय पोटाशी घ्यावेत तसं गोल झालं. मिरीच्या दाण्याएवढा मणी! “रंग बदलता तो बघूचो,” ते ओरडलेच, “चमक इली काय ॲक्सिलरेटरवरचो पाय काढूचो!” परदेशी बाईला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तिनं टाळ्या वाजवल्या. दुसरा मणी पहिल्याहून चांगला झाला. रिठ्याच्या पाण्यात घासून काढल्यावर अंगठी अशी लखलखली की माझी वाकडी अंगठी मी हळूच पर्समध्ये टाकली.

घरी पोचलो तेव्हा ताई विहिरीवर होती. भावोजी सरळ तिच्यापुढे गेले, मूठ उघडली आणि म्हणाले, “ही बघ.”

“कोणी दिल्यान?”

“मी केलंय.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिनं ओले हात पदराला पुसले, अंगठी घेतली, सांध्यावरून सरकवली. ती उघडली, खाली उतरली, भावोजींनी दोन बोटांनी दाबून बसवली. ताई बराच वेळ हात पुढे धरून उभी राहिली. मग म्हणाली, “चाय घेतल्यात?” भावोजी इतके मोठ्यानं हसले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

पुढची दोन वर्षं मी कोल्हापुरात बसून त्या आनंदाचे फोन घेत होते. आता ते “ताईक देतंय” म्हणत नव्हते. अर्धा अर्धा तास बोलायचे. आठवड्याला एकदा मोटारसायकलवरून केरीला वेदाकडे जायचे, जुन्या पद्धतीची फुंकणी शिकायचे, म्हापशाहून हत्यारं आणायचे. आज साखळी जमली, आज कडी तुटली, आज कोणाच्या नातीला पैंजण केले. एकदा तर मी शाळेला निघायच्या घाईत होते आणि ते मला फोनवर कानशीचा आवाज ऐकवत होते, “ऐकलंस? नीट लागली काय अशी गाता!” शिक्षक म्हणून मी आयुष्यात खूप विद्यार्थी पाहिले. इतका अधाशी विद्यार्थी साठीला पोचलेला मी एकच पाहिला.

भावोजींचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मी मात्र रजा वाढवून राहिले. मागच्या पडवीतल्या त्यांच्या टेबलाकडे आम्ही दोघीही जात नव्हतो. एका दुपारी शेजारची रेश्मा तान्ह्या मुलाला घेऊन आली, बरोबर तिची सासू. मुलाला दोन दिवसांनी सव्वा महिना होत होता, त्या दिवशी बारसं ठरलं होतं, आणि भावोजींनी त्याला चांदीचे वाळे करून देतो म्हणून सांगितलं होतं. सासू अवघडून म्हणाली, “ता ऱ्हवांदे आता. आमी बाजारातसून हाडतंव.” ताई उठून पडवीत गेली. मी मागोमाग गेले. टेबलावर एक वाळा तयार होता, टोकाला दोन मणी. दुसरा नुसताच वळवून ठेवलेला, टोकं कोरीच.

ताईनं स्टूल ओढलं आणि बसली. मी घाबरले. “ताई, तुला येतं?”

“दोन वर्सां ह्यांच्या बाजूक बसलंय मी,” ती म्हणाली. “तुका म्हाईत नाय. ह्यांका मागसून रंग नीट दिसाचो नाय. मोतीबिंदू. तुका सांगू नको म्हणत, तू ऑपरेशन करूक लावशीत. आग ते धरीत, आणि चमक इली काय मी सांगी. मी ‘इली’ म्हटलंय काय ते हात काढीत.”

म्हणजे फोनवर ज्या वस्तूंचं मी कौतुक करत होते, त्या सगळ्या दोघांनी मिळून केल्या होत्या. ताईनं गॅसबत्ती पेटवली, वाळा चिमट्यात धरला, टोक आगीत नेलं. उंबऱ्यात रेश्मा आणि तिची सासू उभ्या होत्या. टोक लाल झालं. ताई जरा पुढे वाकली आणि आग धरणारीही तीच असूनही मोठ्यानं म्हणाली, “इली!” आणि तिचा हात झटकन मागे आला. मणी गोल होता. दुसऱ्या टोकालाही तिनं तसंच केलं, तशीच हाक देऊन.

बारशाला विधवेनं जावं की नाही, यावर वाडीत थोडी कुजबुज झाली म्हणे. रेश्मा स्वतः येऊन ताईचा हात धरून घेऊन गेली. पाळण्यात ते पोर पाय झाडत होतं, दोन्ही पायांत वाळे. बायका वाकून बघत होत्या, सारखेच दिसतात म्हणत होत्या. ताईही वाकली, एकेक पाय हातात घेऊन बघितला, आणि रेश्माच्या सासूला म्हणाली, “सारखे नाय गो. उजव्यातलो ह्यांचो. डाव्यातलो माझो.”