जाडा – अडीच फेरे

पौषातल्या पहाटे राइट टाउनमधल्या आमच्या गल्लीत धुके इतके खाली उतरते की पेट्रोलचा वास त्यात अडकून बसतो, वर जातच नाही. सलग तीन सकाळी तो वास अंगावर घेऊन मी चहाला आत येत होतो आणि आई साबण पुढे करत होती. बाबांची जुनी, कार्ब्युरेटरची गाडी ऊन चढल्यावर निमूट सुरू व्हायची. पण रात्रभर गारठली की चोक ओढा, किल्ली फिरवा, बॅटरीची मनधरणी करा, ती दोनदा घुरघुरायची आणि गप्प व्हायची.

बाबा दसऱ्यानंतर गेले. मी तेव्हा रडलो नाही, तेराव्यालाही नाही. तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत अस्थी सोडताना पाणी गार आहे एवढेच मला जाणवले. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करतात, तसे काहीसे माझे झाले होते, आणि त्या बधिरतेतच मी एकेक काम उरकत होतो: मृत्यूचा दाखला, पेन्शनचे अर्ज, गॅसजोडणीवरचे नाव. शेजारी म्हणत, मुलगा खंबीर आहे. मी ते ऐकून घेत असे, कारण खोडून काढायलाही काहीतरी वाटावे लागते.

आता उरली होती गाडी आणि आई. मला आईला माझ्यासोबत पुण्याला न्यायचे होते, आणि तिची अट एकच होती: गाडी चांगल्या हाती गेल्याशिवाय ती घराला कुलूप लावणार नव्हती. रांझीचे दुबेजी, बाबांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, गाडी घ्यायला तयार होते; मात्र त्यांनी बजावून ठेवले होते की रविवारी सकाळी सातला येईन, त्याआधी इंजिन तापवायचे नाही, गारठलेली गाडी माझ्यासमोर सुरू झाली तरच नेईन. आमची तिकिटे सोमवारची होती.

मला वाटले, यात अवघड काय? बॉनेट उघडले की आतल्या बाजूस पांढऱ्या रंगाने, बाबांच्या त्या सुबक, यंत्राच्या नकाशावर शोभेल अशा अक्षरात एक ओळ लिहिलेली होती: ‘जाडा – अडीच फेरे’. पुण्यात मी पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासतो; लिहिलेले नीट वाचणे हाच माझा धंदा. कार्ब्युरेटरवर दोन स्क्रू होते, एक जाड आणि एक बारीक. मी जाडा स्क्रू अडीच फेरे फिरवला. गाडी सुरू झाली नाही. उलट बाजूने फिरवला, पुन्हा सुलट फिरवला. आधी जी निदान घुरघुरायची ती आता नुसती उसासे टाकू लागली. आई खिडकीतून म्हणाली, “काहून तिच्याशी झटून राहिला रे? ऊन येऊ दे न.”

आमच्या घरातली मराठी अशीच. आजोबा नागपूरकडून इकडे आले, भोवती सगळी हिंदी, आणि दोन भाषांमधली भिंत कधी पडली ते कुणाला कळलेच नाही. मी मात्र शिकायला पुण्याला गेलो आणि शुद्ध होऊन परतलो. पहिल्या वर्षी बाबांनी मला लिहिलेले पत्र मी लाल शाईने दुरुस्त करून त्यांना परत पाठवले होते; गंमत म्हणून. ते खूप हसले म्हणे, कारखान्यात सगळ्यांना दाखवले म्हणे. त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. फोन येत राहिले, आणि फोनवर ते गाडीबद्दल, नर्मदेच्या पुराबद्दल, पेरूंबद्दल थोडके बोलत, जपून बोलत, परक्या घरात चपला कुठे काढाव्यात हे न कळलेल्या पाहुण्यासारखे. हे मला तेव्हा दिसत नव्हते असे नाही. बाबा सुधारत आहेत, असे मला वाटायचे.

रविवारी दुबेजी सातच्या आधीच आले, कानटोपी घातलेले, मोटारसायकलवरून बोटे आखडलेली. मी किल्ली फिरवली. व्हायचे तेच झाले. त्यांनी बॉनेट वर केले, ओळ वाचली, मग खाली पाहिले आणि चकित होऊन म्हणाले, “काय भैया, आपने मोटे पेंच को काहे छेड़ दिया? ये तो जाड़े की सेटिंग लिखी है. जाड़ा. ठंड.”

जाड़ा म्हणजे हिवाळा. लहानपणी मी रोज ऐकलेला, रोज बोललेला शब्द; आणि मी तो शब्दकोशातून वाचला होता.

जाड स्क्रू त्यांनी पूर्वपदावर आणला. बारीक स्क्रू, ज्यावर पेट्रोलचे प्रमाण ठरते, तो फेरे मोजत पूर्ण बसेपर्यंत आत फिरवला. “एक... डेढ़. गर्मी पे ही छोड़ गए,” ते हळूच म्हणाले. थंडीत इंजिनाला पेट्रोल अधिक लागते, म्हणून बाबा दरवर्षी दसऱ्यानंतर तो स्क्रू अडीच फेऱ्यांवर आणत आणि होळीनंतर पुन्हा दीडवर. या वर्षी तो एक फेरा द्यायला ते उरले नाहीत. गाडी अजून त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातच उभी होती. दुबेजींनी स्क्रू अडीच फेरे बाहेर काढला आणि मला खूण केली. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि इंजिन एकदा खाकरून सुरू झाले.

आवाज ऐकून आई शाल घेऊन बाहेर आली. बॉनेटच्या त्या ओळीकडे बघत म्हणाली, “तुझ्यासाठीच लिहून ठेवलं होतं त्यांनी. तू येतो तो डिसेंबरातच, म्हणून थंडीचंच लिहिलं. म्हणे, मी नसलो तर याले सुरू करता आली पाहिजे. आणि हिंदीत नको, पोरगा चुका काढते. दोन डाव विचारलं मले, जाडा मराठीच आहे न? मी म्हटलं, हो.”

दुबेजी हात पुसत उभे होते. “तो ले जाऊँ, भाभीजी?” त्यांनी विचारले. आई माझ्याकडेच पाहत होती, आपण दिलेला हिशोब बरोबर होता का हे मास्तरांना विचारावे तशी.

“मराठीच आहे न रे तो?”

“मराठीच आहे, आई,” मी म्हणालो. इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकू गेले नाही. मला पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले, आणि दुसऱ्या वेळी ते मला धड म्हणता येईना.