सिद्धोधन मिस्त्रींचा कान

चुडाव्याच्या स्टेशनाजवळ सिद्धोधन मिस्त्रींच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. पस्तीस वर्षं ते तिथं ॲम्प्लिफायर बनवत आले. गावात त्याला नुसतं मशीन म्हणतात. विहारातली गायनपार्टी असो की भजनी मंडळ, मिस्त्रींच्या मशीनवर पेटी पेटीसारखीच वाजते, असा लौकिक. माणूस गुणी, पण संशयी इतका की चहात साखर जास्त पडली तरी त्यामागं कुणाचा तरी डाव असावा असं त्यांना वाटायचं.

सगळ्या लौकिकाचं मूळ होतं एका बारक्या स्क्रूत. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा हिस्सा मशीनमध्ये परत फिरवला की मशीन आपली चूक आपणच ओळखून सुधारते. त्याला फीडबॅक म्हणतात. माइक शिट्टी मारतो तो वेगळा, हा आतला, शहाणा. तो कमी पडला तर आवाज फाटतो, जास्त झाला तर मशीन बिथरते. कारखान्यात हे यंत्रं लावून ठरवतात. मिस्त्री हळू आवाजात पेटीचं एक जुनं रेकॉर्डिंग लावत, डोळे मिटत आणि कानानं ठरवत; यालाच ते मशीन लावणं म्हणत. मग स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक थेंब. कुणी छेडछाड केलीच तर थेंब तडकलेला दिसावा, म्हणून.

त्यामुळं पिंगळीचे बन्सीधर पेटीवाले नवीकोरी मशीन परत घेऊन आले तेव्हा मिस्त्रींचं डोकंच फिरलं.

"मिस्त्री, आवाज फाटायलाय. वरच्या सुरात लय चरचरायलाय. परवा आमचा सप्ताह बसायचाय."

मिस्त्रींनी मशीन चालू करून ऐकली. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

"कुणाला उघडून दाखवली ही? खरं सांगा."

"कुणाला न्हाई. आईची आण."

"मग तुमच्या कानात मळ असंल."

बन्सीधर भांडले नाहीत. मशीन ठेवून मुकाट्यानं निघून गेले, आणि भांडले नाहीत याचाच मिस्त्रींना जास्त संशय आला. हे काम जीवनचं. त्यांच्याच हाताखाली शिकून त्यानं पूर्णेत दुकान टाकलं होतं. बन्सीधरांना पुढं करून तो आपलं नाव बद्दू करायला निघालाय! मिस्त्रींचा कान गेला अशी आवई उठली तर दुकानाला कुलूपच लावावं लागेल, कारण मिस्त्रींकडं कानाशिवाय होतं काय?

त्यांनी मशीन उघडली. थेंब जसाच्या तसा. म्हणून ताडून बघायला फळीवरच्या दोन तयार मशिनी काढल्या आणि भिंग लावलं. दोन्हीवर त्यांचा थेंब फुटलेला, आणि वर दुसरा थेंब नीट दिलेला. या मशिनींनी तर अजून उंबराही ओलांडला नव्हता. म्हणजे हात घरातलाच. आणि घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची बायको तानुबाई.

चौतीस वर्षांचा संसार. जीवननं हिला काय कबूल केलं असेल, हा विचार मिस्त्रींच्या मनात आला आणि आल्याची लाजही वाटली, पण विचार जाईना. तानुबाईनं वाढलेली भाकरी त्यांनी मान खाली घालून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी "पूर्णेला सामान आणायला जातो" असं मोठ्यानं सांगून ते निघाले. गाडी जाईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभे राहिले आणि मागच्या दारानं परत आले.

तानुबाई त्यांच्या स्टुलावर बसली होती. डोळे मिटलेले, कान स्पीकरला, हातातला स्क्रूड्रायव्हर बन्सीधरांच्या मशीनमध्ये.

"जीवननं सांगितलं का हे?"

ती दचकली, पण स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. "जीवनचं काय मधीच? ही मशीन खरंच फाटायलीय. तुमी ही लावली तवा मी सेलूला होते, आपल्या लेकीच्या, संघप्रियाच्या बाळंतपणाला. म्हणून राहून गेली."

"राहून गेली म्हंजे?"

"तीन वर्सं झाली. तुमी लावून उठलात की मी नीट करते. तुमाला वरचा बारीक आवाज ऐकू येत न्हाई, अवो. अन् फाटतंय ते तिथंच."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"इतकी वर्सं भाकरी थापताना भितीपल्याडून तीच पेटी ऐकायलेय. कळंना कसं?"

"मला समदं ऐकू येतं!"

"रातकिडं ऐकू येतेत?"

"आता कुठले रातकिडे? फवारण्यांनी मेले समदे."

तानुबाईनं त्यांच्याकडं बघितलं. "हायेत," ती हळूच म्हणाली. "रोज वरडतेत."

मिस्त्री भिंतीला टेकले. किती जणांशी ते या फवारण्यांवरून हुज्जत घालून बसले होते! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कुणाचं ऐकून घेता का?"

तिनं स्क्रू केसभर फिरवला, पेटी पुन्हा लावली, थोडा वेळ ऐकली. मिस्त्रींना आधीच्या आणि आताच्या आवाजात काडीचा फरक कळला नाही.

"झालं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी बन्सीधरांना फोन लावला. "मशीन घेऊन जा. आवाज फाटत होता. तुमचं खरं होतं."

"मला म्हाईत होतं, तुमच्या कानाला सापडनार!" बन्सीधर खूश झाले. "तुमीच लावली न्हवं, सोता?"

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. तानुबाई हातानं खुणा करत होती, हो म्हणा, हो म्हणा.

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "माझा कान गेलाय. तानूनं लावली."