सावंतांची चाल, कांबळे सरांचे शब्द

गाणं बसवायला महिना लागतो, किस्सा मात्र चहा गाळेपर्यंत तयार होतो! ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका बालवाडीत दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमायचो. सावंत चाली लावायचे, कांबळे सर शब्द लिहायचे, नलिनी गायची आणि तबल्यावर मी. गाणी किती बसवली ते आता आठवत नाही, पण किस्से विचारा!

सावंत एका औषध कंपनीत स्टोअरकीपर. त्यांची रीत अशी की आधी चाल, शब्द मागाहून. शब्द येईपर्यंत चालीत काहीतरी भरायला हवं, म्हणून ते गोदामातला माल भरायचे! एकदा विरहाची चाल होती. नलिनीनं डोळे मिटले आणि आर्त सुरात सुरू केलं, "कापूस... मलमपट्टी... टिंक्चर आयोडीन..."

शेजारच्या खोलीतल्या बाई धावत आल्या. "अगं बाई, कुणाला एवढं लागलं?"

सावंत खूश! "बघा सर, चाल पोचली. आता तुमचे शब्द नाही आले तरी चालतील!"

*

सर शाळेत मराठी शिकवायचे. त्यांच्या गाण्यातला एक शब्द कमी करा म्हटलं, तरी त्यांचा चेहरा पडायचा. 'निळ्याभोर आभाळाखाली' अशी त्यांची एक ओळ होती. सावंत म्हणाले, "सर, मीटरबाहेर जातंय. निळ्याभोर काढा."

"मग आभाळ कुठल्या रंगाचं?"

"घाटकोपरला असतं त्या रंगाचं!"

सर दोन रविवार फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, ते ओळ आणखी लांबवून.

*

नलिनीची तऱ्हा वेगळीच. आवाज झकास, पण सूर लागला की तिला हसू यायचं. गाण्यातला माणूस कायमचा निघालाय आणि ही आपली हसतेय! सावंत वैतागले.

"काय गो, तो गेला म्हणून पेढे वाटतेस काय? मनात काहीतरी दुःखाचं आण ना!"

पुढच्या रविवारी तिनं तेच गाणं असं गायलं, की सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पोरी, कसला विचार केलास गं?"

"सर, शुक्रवारी गॅसवाला येऊन गेला. मी कामावर, घराला कुलूप. भरलेला सिलिंडर परत गेला!"

*

आमची खरी वाट लागली अंधेरीला, नलिनीच्याच फॅक्टरीत. सुपरवायझर रिटायर होत होते. सरांनी शब्द लिहिले एकदम हळवे, पण सावंतांकडे तयार चाल होती ती नाचरी. वेळ कमी, म्हणून दिले शब्द तिच्यात कोंबून! तुम्ही गेल्यावर आमचं कसं होणार असं नलिनी विचारतेय, मी वरातीचा ठेका धरलाय आणि अख्खी फॅक्टरी टाळ्या वाजवतेय.

सुपरवायझर भाषणाला उठले. "मी जाणार म्हणून तुम्ही खूश असणार, हे माहीत होतं रे. पण एवढे?"

*

मग सरांच्या मुलीचं, चिमीचं लग्न ठरलं. बायको गेल्यावर सरांनी तिला एकट्यानं वाढवली होती. सर म्हणाले, "सावंत, तुम्ही सांगाल तेवढेच शब्द लिहितो. पण मला जे तिला तोंडानं सांगता येत नाही, ते या गाण्यातून पोचलं पाहिजे." सावंतांनी त्या महिन्यात एकदाही थट्टा केली नाही.

सगळं गाणं जमलं, शेवटची ओळ सोडून. जागा होती आठ मात्रांची. जन्मभर जास्तीचे शब्द लिहिणाऱ्या माणसाला आठ मात्रांपुरते शब्द सापडेनात! लिहायचे आणि खोडायचे. लग्नाच्या दिवशीही ती ओळ कोरीच.

"सर, नुसता आलाप घेऊ का?" नलिनीनं विचारलं.

"नको. सुचेल मला."

मुलुंडच्या हॉलमध्ये लग्न लागलं, जेवणं उरकली, निरोपाची वेळ झाली. फुलं लावलेली टॅक्सी बाहेर उभी. नलिनी गात होती आणि चिमी एकेकाला भेटत टॅक्सीपर्यंत पोचली. शेवटची ओळ आली. नलिनीनं सरांकडे पाहिलं. सरांनी नकारार्थी मान हलवली. सावंत पेटीवर एकच सूर धरून बसले. मी ठेका चालूच ठेवला.

तेवढ्यात सरांनी माइक स्वतःकडे ओढला. उभ्या आयुष्यात हा माणूस कधी गायला नव्हता. रोज शाळेतून येताना जिन्यातून मारायचे, तशीच त्यांनी हाक मारली, "चिमेऽऽऽऽ!" आठच्या आठ मात्रा!

माझा ठेका फिरून पहिल्या मात्रेवर आला आणि बरोब्बर त्याच क्षणी टॅक्सीच्या दारातून, पदर सावरत, चिमीनं नेहमीसारखी ओ दिली.

"ओऽ! आले, बाबा!"